व्हीनस फ्लायट्रॅपला माती कुठली?

घोडबंदरकर: बाल्कनीत व्हीनस फ्लायट्रॅप, ते किडे खाणारं झाड, आणलंय. घरात कोकोपीट, गांडूळखत आहे. चालेल?

ऐरोलीची मावशी: गांडूळखत अजिबात नको रे! खताने मुळं जळतात. मूळचं ते अमेरिकेत कॅरोलायनातल्या निकस, आंबट दलदलीतलं, म्हणून तर किडे खातं. पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (पांढरे हलके खडे) निम्मं-निम्मं घे. पिशवीवर 'खतयुक्त' लिहिलं असेल तर दुकानातच ठेव. कोकोपीटमध्ये क्षार असतात, ते धूत कोण बसणार!

नेरुळचा माळी: घटपर्णीला (सुरईसारख्या पानात किडे पकडणारं झाड) मात्र पीट गच्च होतं. मी स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं, न कुजलेलं शेवाळ), परलाइट, झाडाच्या सालीचे तुकडे घालतो.

मावशी: बरोबर. फ्लायट्रॅपच्या कुंडीखालच्या ताटलीत पावसाचं पाणी ठेव, नाहीतर आरओचं.

घोडबंदरकर: आरओचं वाया जातं ते?

मावशी: ते नको! सगळे क्षार त्यातच उतरतात.