'द मास्क': सिनेमा दाखवा, कॉमिक नको

ताई, सोलापुरात गच्चीवर मुलांना 'द मास्क' दाखवून मग मूळ कॉमिक वाचायला द्यायचं म्हणताय. कॉमिक कृपया देऊ नका! डार्क हॉर्स या कॉमिक प्रकाशनाच्या त्या कथेत जादूचा मुखवटा घालणारा सरळ खून पाडत सुटतो. नायक स्टॅन्ली मध्येच मरतो आणि मुखवटा पोलीस केलावेकडे जातो. १९९४च्या सिनेमात तोच केलावे नुसता पाठलाग करतो. दिग्दर्शक चक रसेलनं रक्तपात काढून जुन्या काळच्या कार्टूनकार टेक्स एव्हरीच्या कार्टूनची चाल आणली, म्हणून डोळे बाहेर येतात, जबडा टेबलावर आदळतो. स्टॅन्ली झालेल्या जिम कॅरीचा चेहराच इतका लवचिक की संगणकाचं काम कमी झालं. दहाच्या पुढच्यांना चालेल.

मे महिन्यात सातपर्यंत उजेड असतो, मुखवट्याचा हिरवा चेहरा पडद्यावर फिका दिसेल. साडेसातला लावा, सव्वानऊला संपेल.