पांढरी, गावठाण, आबादी, रीठ: ठरावात कोणता शब्द लिहावा?

विचारणा (दर्यापूरकडून)

ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यासाठी ठराव लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. आमच्या गावाच्या मधोमध जुन्या देशमुखी गढीचं टेकाड आहे. बुरूज ढासळले, माती राखेसारखी पांढरट, आणि लोक ती ट्रॉलीनं वावरात नेतात. कागदावर या जागेला 'गावठाणातील मोकळी जागा' म्हटलं आहे. माझी आजी मात्र त्या अख्ख्या उंचवट्याला पांढरीच म्हणायची: "घर पांढरीत, वावर कायीत." (काळीला, म्हणजे शेतजमिनीला, आमच्याकडे कायी म्हणतात.) पुतण्या म्हणतो, सरकारी ठरावात असला शब्द चालत नाही. गावठाण आणि पांढरी हे एकच असेल तर मीही आग्रह धरणार नाही. जाणकारांनी सांगावं.

उत्तर (वर्ध्याकडून)

दादा, आग्रह धराच. दोन्ही शब्द एकाच जागेला लागू होतात, पण सांगतात वेगवेगळं.

गावठाण म्हणजे गाव आणि ठाण, ठाण म्हणजे स्थान. आज तो हद्दीचा शब्द झाला आहे. 1966 च्या जमीन महसूल अधिनियमात त्याची व्याख्या कलम 122 वर सोपवली आहे: जिल्हाधिकारी जी हद्द ठरवतील ती. त्यात खेड्याबरोबर शहराची वस्तीही येते. ही रेघ सरकते. गावठाण विस्तार मंजूर झाला की कालपर्यंत हरभरा पिकवणारं वावर गावठाण होतं.

पांढरी अशी मंजूर करता येत नाही. मातीची घरं पडतात, त्याच जागी नवी उभी राहतात, चुलीची राख, शेण, हाडं, खापरं त्यात मिसळत जातात. कित्येक पिढ्या हे चाललं की सभोवारच्या काळ्या रानात वस्तीची जमीन उंच आणि पांढरट दिसू लागते. राखेमुळं आणि शेणामुळंच ती खत म्हणून वावरात जाते. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरावर टाकायलाही हीच माती, कारण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मग पावसात घर गळतं. म्हणजे एका शब्दात मातीचा रंग, गुण आणि गावाचं वय असं सगळं आलं. 'मोकळी जागा' या दोन शब्दांत यातलं काय उरतं? उलट, मोकळी म्हटली की ती सपाट करायला कुणाचा हात अडत नाही.

पांढरीत माणसंही आली. काळी-पांढरी म्हटलं की शेतशिवार आणि वस्ती मिळून पुरा गाव. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात शेती न करणाऱ्यांकडून, म्हणजे कारागीर-व्यापाऱ्यांकडून, जो कर घेत त्याचं नावच पांढरी होतं.

आणि वारशाचं म्हणाल तर भंडारा जिल्ह्यातलं पौनी बघा. जुन्या तटाच्या आत आजही लोक राहतात, आणि 1969-70 च्या उत्खननात पौनीला बौद्ध स्तूप मिळाला. वर्धेकाठचं कौंडिण्यपूर, धामेकाठचं पवनार, इथंही जुनी वस्ती अशाच टेकाडांच्या पोटात सापडली. तुमच्या गढीखाली काय आहे ते खोदल्याशिवाय कळणार नाही, पण ट्रॉलीतून जे वावरात गेलं ते पुन्हा थरावर येत नाही. केंद्र सरकारनं संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम कायद्यानं बंद असतं. आपल्या बहुतेक गढ्या त्या यादीत नाहीत, त्यामुळं त्यांच्यासाठी ग्रामसभेचा ठराव मोलाचा ठरतो.

तेव्हा दोन्ही शब्द लिहा: 'गावठाणातील गढी व तिच्या भोवतालची पांढरी'. पहिला शब्द पटवारी ओळखेल, दुसरा गावातली म्हातारी माणसं.

आणखी एक उत्तर (नागभीडकडून)

आमच्या मालगुजारी (जमीनदारीसारखी जुनी महसूल पद्धत) मुलखात जुन्या कागदांत 'आबादी' दिसतं. फारसीत आबाद म्हणजे वसलेलं. बोलताना लोक गावठाणच म्हणतात.

पण मला भर घालायची आहे ती रीठ या शब्दाची. गाव उठून गेलं की त्या मौजाच्या, म्हणजे महसुली गावाच्या, नावापुढं रीठ लागतं. माणूस राहत नाही, तरी शिवार, नकाशा आणि मौजाचं नाव कायम राहतं. दप्तरात यालाच बेचिराग म्हणत, फारसीत 'दिवा नसलेलं'. मराठीत त्याचं बेचिराख झालं आणि लोकांना त्यात राख ऐकू येऊ लागली. आता जळून गेलेल्या गावालाच तो शब्द वापरतात. रिठावर पांढरी असतेच, पण माणसांची जाग नसते, म्हणून तिथली माती सगळ्यात आधी जाते. आराखड्यात तुमच्या शिवारातलं एखादं रीठ असेल तर तेही नोंदवा.

विचारणारे पुन्हा

मनापासून आभार. आमच्या शिवारातही एक रीठ आहे, तिथं एक मारुती आणि चिंचेचं झाड उरलं आहे. ते सुचलंच नव्हतं. गढी, पांढरी आणि रीठ, तिन्ही शब्द ठरावात घेतले. माती नेणाऱ्यांत माझा चुलतभाऊही आहे, त्याच्याशी आज जेवणानंतर बोलतो.