मदत हवी आहे: घरात एकच मोबाईल, आणि गेममधला अनोळखी 'दादा'

नमस्कार मंडळी,

बहीण चोपडा तालुक्यात एका खेड्यात असते. भाचा सातवीत. घरात स्मार्टफोन एकच, दाजींचा. संध्याकाळी ते केळीच्या मळ्यातून आले की फोन पोराकडे. शाळेचा अभ्यासही त्याच व्हॉट्सॲपवर येतो, त्यामुळे 'मोबाईल देऊच नका' हा सल्ला कृपया नको.

भाचा फ्री फायर मॅक्स खेळतो. (२०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, मॅक्स राहिला. पोरांना फरक पडला नाही.) तिथे भेटलेल्या एका 'दादा'ने आधी डायमंड (गेममधलं चलन) दिले, मग व्हॉट्सॲप नंबर घेतला. आता म्हणतो, एकटा असशील तेव्हा व्हिडिओ कॉल कर, फोटो पाठव, घरी सांगू नको. मेसेज बहिणीच्या नजरेस पडला म्हणून कळलं. रडत म्हणाली, "भाऊ, पोऱ्या माले काहीच सांगत नही."

फोटो गेलेला नाही, एवढं भाच्याने मला सांगितलं. मी पुण्यात. फोनवरून सांगत चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, त्याचा नंबर आणि गेममधला आयडी वहीत उतरवला, मग ब्लॉक केलं. प्ले स्टोअरच्या खरेदीला पासवर्ड लावला, कारण दाजींचं यूपीआय त्याच फोनवर आहे.

आता अडतंय ते इथे. फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं गुगलचं ॲप) मुलाच्या गुगल खात्यावर चालते, आणि हा फोन मोठ्या माणसाच्या खात्यावर. एकाच फोनवर दोघांचं वेगळं कसं करायचं?

दुसरं, तक्रार. १९३० ही हेल्पलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, इथे पैसे गेलेले नाहीत. सरकारी सायबर क्राइम पोर्टलवर मुलांसंबंधीची तक्रार करता येते, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइनही आहे. पण बहिणीला धास्ती, दारात पोलिसांची गाडी आली तर गावभर होईल. १०९८ ला फोन केलेलं कोणी आहे का इथे? पुढे काय होतं?

अपडेट: सेकंड स्पेस (एकाच फोनमध्ये दुसरा, स्वतंत्र कप्पा) सुचवणाऱ्यांचे आभार. दाजींच्या रेडमीत सापडली. गेम तिकडे हलवता येईल. पण तिथे मुलाचं खातं टाकून फॅमिली लिंक नीट चालते का? स्वतः केलं असेल त्यांनीच सांगा.

आणि दाजींना अजून काही माहीत नाही. ते आधी पोराला झोडपतील, मग फोन आपटतील, आणि पोरगं पुढच्या वेळी कुणालाच सांगणार नाही. मी पोळ्याला घरी जातोय, पण तोवर थांबणं मला बरं वाटत नाही. फोनवर कसं सांगावं?