‘अ रेझिन इन द सन’: बेनीथाच्या पोशाखाला टाळी पडली, ती योग्य होती का?

तिसरी_घंटा:
शनिवारी इथे शिकागोत ‘अ रेझिन इन द सन’ पाहिलं. लॉरेन हॅन्सबरीचं १९५९चं नाटक. साउथ साइडच्या कोंदट बिऱ्हाडात राहणारं यंगर हे कृष्णवर्णीय कुटुंब. वडिलांच्या विम्याचे १०,००० डॉलर येणार असतात. मुलगा वॉल्टर शोफर, त्याला दारूचं दुकान टाकायचंय. आई गोऱ्यांच्या वस्तीत घर घेऊन मोकळी होते.

आईचं काम करणाऱ्या बाई अप्रतिम. खिडकीतल्या मरतुकड्या रोपाच्या पानावरची धूळ त्या अंगठ्याने पुसतात, तेवढ्यात अख्खी बाई कळते.

राग आहे तो वेशभूषेवर. दुसऱ्या अंकात धाकटी बेनीथा नायजेरियन मित्राने, असागाईने, दिलेला पोशाख घालून येते. इथे ती आली ती चापूनचोपून नेसून, अगदी मुखपृष्ठावरच्या फोटोसारखी. टाळ्यांचा कडकडाट! संहितेत मात्र तिच्या हातात भलताच, पौर्वात्य पंखा आहे आणि ती नायजेरियन बाईपेक्षा ‘बटरफ्लाय’सारखी (‘मादाम बटरफ्लाय’ या ऑपेरातली जपानी नायिका) दिसते, असं हॅन्सबरीने लिहून ठेवलंय. पूर्वजांचा पोशाख कसा मिरवायचा हे त्या पोरीला ठाऊक नाही, कारण तो तिच्या घराण्याकडून कधीच हिरावला गेलाय. तिचं चुकणं हाच तर प्रसंग. दिग्दर्शकाने पंखाच काढून टाकला.

मीनल_पी:
अजिबात पटलं नाही. मी गुरुवारी गेले होते. पुढच्या रांगेत दोन कृष्णवर्णीय आज्या होत्या. बेनीथा आली तशी त्यातली एक उठून उभी राहिली, हात छातीवर. तिला त्या क्षणी पंखा दाखवून ‘बघ, हिला जमत नाहीये’ असं सांगायचं? १९५९च्या प्रेक्षकांसाठी तो पोशाख अनोळखी होता, आज तो हक्काचा आहे. बालगंधर्वांच्या शालूंचं कौतुक करणाऱ्यांचे आपण वारस, आपण तरी पोशाखाच्या टाळीला नावं ठेवू नयेत.

तिसरी_घंटा:
आजींची टाळी मला शंभर टक्के मान्य आहे. पण पुढे काय झालं आठवा. तिला फिरायला न्यायला आलेल्या जॉर्ज या मित्रासमोर ती डोक्यावरचं वस्त्र काढते आणि कापलेले, नैसर्गिक कुरळे केस दिसतात. घरच्यांना धक्का बसतो तो तिथे. आमच्या प्रयोगात तो क्षण कुणाच्या लक्षातही आला नाही, सभागृह अजून आधीच्या टाळीतच होतं.

विंगेतून:
दहा वर्षं हौशी रंगभूमीवर कपडेपट सांभाळतेय, म्हणून लिहिते. पोशाखाहून मोठी गफलत वॉल्टरची. पहिल्या प्रवेशापासून वरच्या पट्टीत. मग मित्र पैसे घेऊन पळाल्याचं कळतं तेव्हा आवाज न्यायचा कुठे? आईने विश्वासाने हाती दिलेले ६,५०० डॉलर गेलेत, त्यातले ३,००० बहिणीच्या शिक्षणाचे. तिथे माणूस मोडायला हवा, हा नुसता ओरडला. मूळ संचात वॉल्टर करणारा सिडनी पॉइटिए नाटक वॉल्टरच्या नजरेतून दिसावं म्हणून आग्रही होता. तसं करायचं तर आधीचे दोन अंक राखून खेळावे लागतात.

आणि लिंडनर! गोऱ्या वस्तीतर्फे ‘जास्त पैसे देतो, घर परत विका’ म्हणत येणारा. हातात हॅट धरून, अदबीने बोलणारा मध्यमवयीन गृहस्थ. इथे त्याला चकचकीत सूट आणि खलनायकी हसू. का?

मीनल_पी:
वॉल्टरबद्दल हो. लिंडनरबद्दल नाही. गोड बोलणारा लिंडनर आजच्या प्रेक्षकाला निरुपद्रवी वाटेल.

विंगेतून:
उलट, गोड बोलतो म्हणूनच अंगावर काटा येतो. हॅन्सबरीच्या वडिलांनी १९३७मध्ये शिकागोतच गोऱ्या वस्तीत घर घेतलं, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९४०मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. काळ्यांना घर द्यायचं नाही हे तेव्हा रीतसर करारात, सभ्य भाषेत लिहिलेलं असायचं. लिंडनर त्या करारासारखाच बोलला पाहिजे. ‘आमच्या सोसायटीत तुमच्यासारखे लोक नकोत’ हे आपल्याकडेही हसूनच सांगतात ना? मुंबईत घर शोधताना मी ऐकलंय. चहा पाजून सांगितलं होतं.

मीनल_पी:
चहाचं वाचून थांबले. लिंडनर सोडला. पोशाख नाही सोडणार, त्या आजी डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

तिसरी_घंटा:
रविवारी शेवटचा प्रयोग आहे, पुन्हा जातोय. या वेळी मागच्या रांगेत बसून केसांच्या क्षणी सभागृहाकडे बघणार. येऊन लिहितो.