शिक्षा भोगून आलेल्या माणसाचं नाव मतदार यादीत परत कसं घालायचं?

खाडीपट्टा (तालुका राजापूर)

नमस्कार मंडळी. वाडीतल्या एका गृहस्थांसाठी विचारतोय. वय ४६. बांधावरच्या मारामारीत कलम ३२६ खाली तीन वर्षांची शिक्षा झाली होती, ती पूर्ण भोगून फेब्रुवारीत कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगातून सुटून आले. दंड भरलेला आहे, अपील वगैरे काही बाकी नाही. आता मतदार यादीत नाव मिळत नाही. जुनं ओळखपत्र हातात आहे.

गावात जो तो वेगळं सांगतो. एकाचं म्हणणं, सुटल्यावर सहा वर्षं मत देता येत नाही. दुसरा म्हणतो, कोर्टाकडून ‘हक्क परत दिला’ असा हुकूम आणा. तिसरा पोलिसांचा चारित्र्य दाखला जोडायला सांगतो. शिवाय पुराव्याची अडचण वेगळीच: घरपट्टी आणि वीजबिल वारलेल्या वडिलांच्या नावे, सातबारा आजोबांच्या नावे सामाईक, त्यावर सतरा नावं. आई हयात आहे, ती त्याच घरात राहते.

आणखी एक, पुढेमागे त्यांना ग्रामपंचायतीला उभं राहता येईल का?

तळकोकण_वकील

तिन्ही सल्ले चुकीचे. पहिला का पसरतो ते आधी सांगतो, कारण त्यात अर्धं खरं आहे.

ती सहा वर्षं निवडणूक *लढवण्याची* आहेत. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ८: दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर शिक्षा लागल्यापासून अपात्रता सुरू होते आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं चालते. पण हे आमदार-खासदारकीपुरतं. मतदानाचा नियम त्याच कायद्याच्या कलम ६२(५) मध्ये आहे आणि तो एवढाच: जो मतदानाच्या वेळी तुरुंगात किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात आहे, त्याने मत द्यायचं नाही. गुन्हा कोणता, शिक्षा किती, याचा संबंध नाही. तुरुंगाबाहेर आला की अडसर संपला. हक्क कोणी काढूनच घेतलेला नाही, तर कोर्ट तो परत काय देणार?

२०१३ मध्ये संसदेने या कलमाला परंतुक जोडलं: मतदानाला मनाई असली तरी ज्याचं नाव यादीत आहे तो मतदार म्हणून कायम राहतो. म्हणजे केवळ तुरुंगात गेला म्हणून नाव काढता येत नाही. आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं (हा मतदार नोंदणीचा वेगळा कायदा) कलम २० म्हणतं की तात्पुरत्या गैरहजेरीने राहण्याचं ठिकाण बदलत नाही, आणि तुरुंगात ठेवलं म्हणून माणूस तिथला रहिवासी होत नाही. त्यामुळे ते पूर्णवेळ कळंब्यात होते तरी कायद्याने राजापूरचेच.

ज्यांचा मतदानाचा हक्क खरोखर सहा वर्षं जातो ते वेगळे लोक. १९५१ च्या कायद्याचं कलम ११ए. निवडणुकीतली लाच, गैरवाजवी दबाव, दुसऱ्याच्या नावाने मतदान (जुन्या भारतीय दंड संहितेचे १७१ई आणि १७१एफ, आता भारतीय न्याय संहितेत १७३ आणि १७४), निवडणुकीच्या संदर्भात समाजात तेढ पसरवणं, मतपत्रिका केंद्राबाहेर नेणं, अशांत दोषी ठरलेले. इथे तुरुंगवास व्हायलाच हवा असं नाही, नुसता दंड झाला तरी पुरतं. मतासाठी जेवणावळ घालणं हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येत लाचच आहे, आणि त्याला शिक्षा फक्त दंडाची. तर गंमत बघा: खुनाची शिक्षा भोगून आलेला माणूस सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी रांगेत उभा राहू शकतो, आणि मतासाठी मटणाचं जेवण घालून दोषी ठरलेला सहा वर्षं घरी बसतो. ही अपात्रता उठवायचा अधिकार कलम ११बी नुसार निवडणूक आयोगाला आहे. ‘हक्क परत’ असं म्हणता येईल अशी खरी तरतूद आपल्याकडे हीच. तुमच्या गृहस्थांना ती लागूच नाही.

ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, कलम १४: सहा महिने किंवा जास्त कैद झाली असेल तर सुटकेनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. तेव्हा तूर्त मत देता येईल, उमेदवारी नाही.

यादीभाग

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, आता कचेरीतलं काम सांगतो. नाव *का* गेलं हे आधी बघा, मगच फॉर्म भरा. बहुतेक जण उलटं करतात.

मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून तुमच्या यादीभागाची (म्हणजे तुमच्या मतदान केंद्राच्या यादीची) पीडीएफ घ्या. राजापूर मतदारसंघाचा क्रमांक २६७. मूळ यादी बघून थांबू नका, शेवटी पुरवणी असते, तिच्यात वगळलेली नावं असतात आणि नावापुढे एक इंग्रजी अक्षर असतं. ई म्हणजे मयत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार, एम म्हणजे आढळून आला नाही, क्यू म्हणजे अपात्र. सुटून आलेल्यांच्या बाबतीत बहुधा एस किंवा एम सापडेल. कारण साधं आहे. बीएलओ (त्या केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) घरी जातो, म्हातारी आई लाजेकाजेने ‘तो हय नाय’ एवढंच सांगते, बीएलओ ‘स्थलांतरित’ लिहितो. क्यू दिसलं तर मात्र गप्प बसू नका. वर सांगितलेल्या कलमांखालची शिक्षा नसताना क्यू पडलं असेल तर ती चूक आहे, मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे (आपल्याकडे बहुतेक प्रांताधिकारी) लेखी विचारा.

नाव काढण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी, असं १९५० च्या कायद्याचं कलम २२ सांगतं. नोटीस घराच्या पत्त्यावर जाते, दार बंद असलं की भावकीत कोणाच्या तरी हाती पडते आणि तिथेच राहते. त्या हुकमाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत अपील करता येतं, पण तुमची मुदत कधीच उलटली असणार. अपिलाच्या नादी लागू नका. सरळ नमुना ६ (नाव नोंदवण्याचा अर्ज) भरा.

नमुना ६ वर ‘प्रथमच अर्ज करत आहे’ असं घोषणापत्र दिसतं, ते वाचून लोक गोंधळतात आणि नमुना ८ भरतात. नमुना ८ यादीत *असलेल्या* नावासाठी: पत्ता बदल, दुरुस्ती, नवं ओळखपत्र. नाव वगळलं गेलंय म्हणजे नमुना ६ च. त्यात गुन्ह्याबद्दल किंवा शिक्षेबद्दल एकही रकाना नाही. चारित्र्य दाखला, सुटकेचा दाखला, कोर्टाची नक्कल, काही जोडू नका. न मागितलेला कागद जोडला की टेबलावर नवा प्रश्न उभा राहतो. सुटकेचा दाखला फक्त जवळ ठेवा, सुनावणीत कोणी ‘गावात नव्हता’ म्हणालं तर दाखवायला.

पुराव्याचं: वयासाठी आधार, पॅन, दहावीचं प्रमाणपत्र यांपैकी एक. पत्त्यासाठी सातबाऱ्याच्या सतरा नावांत शिरूच नका. राहण्याचा पुरावा अर्जदाराच्या किंवा आई, वडील, पती-पत्नी, सज्ञान मुलगा-मुलगी यांपैकी एकाच्या नावे चालतो, अट एवढीच की ती व्यक्ती त्याच पत्त्यावर मतदार असावी. वडील वारले म्हणून त्यांचं वीजबिल कामाचं नाही. आईचं पोस्टाचं किंवा बँकेचं पासबुक द्या आणि अर्जात आईचा ओळखपत्र क्रमांक लिहा. म्हणजे नावही त्याच घराखाली, त्याच यादीभागात पडतं. नाहीतर तुम्ही एका वाडीत आणि मत पलीकडच्या शाळेत, असं होतं.

अर्ज निवडणूक आयोगाच्या ॲपवर किंवा बीएलओकडे कागदावर द्या. संदर्भ क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. मग सात दिवस हरकतींसाठी जातात आणि बीएलओ पडताळणीला येतो. त्या दिवसांत घराला कुलूप नको.

चाकरमानी_परळ

एक राहिलं. या गृहस्थांचं नाव पूर्वी कधी मुंबईत नोंदलेलं नाही ना, ते तपासा. आपल्याकडे अर्धा गाव गिरगाव-परळला आणि नाव दोन्हीकडे. ओळखपत्र क्रमांक टाकून शोधा, शिवाय नाव आणि वडिलांचं नाव टाकूनही शोधा. मुंबईत सापडलं तर नमुना ६ नको, तिथूनच नमुना ८ ने गावाला हलवा. दोन मतदारसंघांत नाव ठेवायला १९५० च्या कायद्याच्या कलम १७ ची मनाई आहे, आणि अर्जात खोटं घोषणापत्र दिलं तर त्याच कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नुकत्याच सुटून आलेल्या माणसाला हे नवं लचांड कशाला?

शिमगा

तुरुंगातून आलेल्यांना मत कशाला द्यायचं, हे मला अजून पटत नाही. पण ते सोडा. माझा प्रश्न, जामिनावर असलेल्याचं काय?

तळकोकण_वकील

तो तुरुंगात नाही, म्हणून मत देऊ शकतो. दोषी ठरून अपिलात शिक्षा स्थगित झाली आणि जामीन मिळाला, तरीही. उलट ज्याच्यावर काहीच सिद्ध झालेलं नाही पण जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत आहे, त्या कच्च्या कैद्याला मत नाही. तुम्हाला न पटणारी गोष्ट शोधायची तर मी ही निवडेन. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अनुकूलचंद्र प्रधान यांच्या याचिकेत कलम ६२(५) वैध ठरवलं. बंदोबस्ताचा ताण हे त्यातलं एक कारण. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतला माणूस मात्र टपालाने मत देऊ शकतो.

आणि व्हॉट्सॲपवर फिरणारं ‘गुन्हेगाराचा मताधिकार कायमचा रद्द’ हे अमेरिकेतल्या काही राज्यांचं आहे. तिथे राज्यागणिक कायदा बदलतो. मेन आणि व्हरमाँटमध्ये कैदी आतूनही मत देतात, फ्लोरिडात २०१८ च्या सार्वमतानंतर शिक्षा संपलेल्या बहुतेकांना हक्क परत मिळाला, आणि पुढच्याच वर्षी दंड-फी भरल्याची अट आली. तुमच्या गृहस्थांनी दंड भरला नसता तरी आपल्याकडे मत अडलं नसतं.

खाडीपट्टा

पीडीएफ उघडली. पुरवणीत नाव आहे, पुढे ‘एस’. मुंबईत कुठेही नाव नाही. आईचं पासबुक आणि आधार तयार ठेवलंय. अर्ज कधीपर्यंत द्यायचा? आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर कोणी ‘हा जेलमधून आलाय’ म्हणून अडवलं तर?

यादीभाग

आजच द्या. निवडणूक जाहीर होईपर्यंत थांबू नका. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या दहा दिवस आधीपर्यंत आलेले अर्जच त्या निवडणुकीला धरले जातात. २०२४ च्या विधानसभेला उमेदवारीचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर होता, म्हणून नोंदणी १९ ऑक्टोबरपर्यंत. ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेला याहून कडक: राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो, पण एक तारीख ठरवून त्या दिवशीची. २०२५ मध्ये ती १ जुलै होती. त्यानंतर विधानसभेच्या यादीत आलेलं नाव प्रभागाच्या यादीत येत नाही, कितीही हुज्जत घाला.

केंद्रावर मतदान प्रतिनिधी फक्त *ओळखीवर* आक्षेप घेऊ शकतो, म्हणजे ‘हा तो नव्हेच’ असा, आणि त्यासाठी त्याला आधी दोन रुपये रोख भरावे लागतात. शिक्षेवर तिथे चर्चाच नाही. केंद्राध्यक्ष ओळखपत्र बघून, दोन माणसांना विचारून निकाल देतो.

बीएलओच्या अनुपस्थित-स्थलांतरित-मयत यादीत नाव राहून गेलं असेल तर केंद्राध्यक्ष ओळख जरा बारकाईने तपासेल आणि सहीबरोबर अंगठाही घेईल. मूळ ओळखपत्र न्या, झेरॉक्स नको. आणि सकाळी लवकर पाठवा. आधीच कोणी त्यांच्या नावाने मत देऊन गेलं असेल तर यंत्राचं बटण मिळत नाही, कागदी प्रदत्त मतपत्रिका मिळते. ती मागून घ्यावी लागते, आपणहून कोणी देत नाही.