उत्कंठा आणि कुतूहल – एकाच अर्थाने वापरायचे का?

परवा एका गुप्तहेर कादंबरीवर चार ओळी लिहून मैत्रिणीला दाखवल्या. त्यात मी 'उत्कंठावर्धक कादंबरी' असं लिहिलं होतं, तिने नेमकं तिथेच बोट ठेवलं. म्हणाली, खालच्याच ओळीत तू लिहितेस की यातल्या एकाही माणसाबद्दल काही वाटलं नाही, मग उत्कंठा वाढली कशाची? तुला फक्त खुनी कोण ते बघायचं होतं, त्याला कुतूहल म्हण.

आधी वाटलं शब्दाचा एवढा कीस कशाला काढायचा, पण दोन दिवस झाले डोक्यातून जात नाहीये. कारण झालं होतं तसंच. पुस्तक मी एका रात्रीत संपवलं, शेवटची वीसतीस पानं तर पाणी प्यायला उठले ती उभ्यानेच वाचली, आणि मिटल्या मिटल्या चिडचिड झाली. खाली ठेववत नव्हतं हे खरं आणि आवडलं नाही हेही खरं, दोन्ही एकदम कसं काय? लोकप्रिय कादंबऱ्यांबद्दल बोलताना आपण 'खिळवून ठेवते', 'पकड घेते', 'उत्कंठा शिगेला पोचते' हे सगळं एकाच अर्थाने वापरतो, पण यातला प्रत्येक शब्द वेगळंच काहीतरी सांगत असेल तर? तुम्ही हे दोन शब्द कसे वापरता ते सांगा.

प्रतिसाद

मला तरी फार फरक वाटत नाही. निकालाची उत्कंठा, निकालाचं कुतूहल, दोन्ही ऐकलंय. फक्त 'कुतूहल' मधला तू दीर्घ आहे एवढं लक्षात ठेवा, नव्वद टक्के लोक 'कुतुहल' लिहितात. आणि 'उत्कंठता' असा शब्द नाही, तोही हल्ली फार दिसतो.

प्रतिसाद

फरक आहे आणि चांगला मोठा आहे. शब्दांबरोबर क्रियापदं कुठली येतात ते बघा म्हणजे लगेच कळेल. कुतूहल *वाटतं*, *चाळवतं*, आणि उत्तर मिळालं की *शमतं*. उत्कंठा *लागते*, *ताणली जाते*, *शिगेला पोचते*. 'लागते' हे क्रियापद आपण कुठे वापरतो? ओढ लागते, हुरहूर लागते, घोर लागतो, वेड लागतं. सगळी जिवाला चिकटणारी प्रकरणं. 'माझं कुतूहल शमलं' आपण सहज म्हणतो, पण 'माझी उत्कंठा शमली' म्हणून बघा, जिभेवर अडखळतं.

आता मूळ शब्द. उत् म्हणजे वर आणि कंठ म्हणजे गळा. मान उंच करून, टाचा वर करून कोणाची तरी वाट बघत उभं राहिलेलं माणूस, हे चित्र त्या शब्दात आहे. संस्कृतात उत्कंठा हा मुख्यतः प्रेमातल्या ओढीचा शब्द. नाट्यशास्त्रात ज्या आठ नायिका सांगितल्यात त्यातली एक 'विरहोत्कंठिता', म्हणजे प्रियकर यायचा होता तो आला नाही म्हणून जीव टांगणीला लागलेली. इथे गंमत बघा, तिला कुतूहल कशाचंच नाहीये! कोण येणार ते तिला माहितीये, कुठून येणार तेही माहितीये. तो अजून आलेला नाही एवढंच. म्हणजे उत्तर माहीत असूनही उत्कंठा असते, किंबहुना माणूस माहीत असल्याशिवाय ती लागतच नाही.

म्हणून मला वाटतं की उत्कंठा कोणाची तरी असते आणि कुतूहल कशाचं तरी असतं. तुमच्या मैत्रिणीचा मुद्दा बरोबर आहे.

प्रतिसाद

वरचं विवेचन आवडलं आणि ते रोमान्स कादंबऱ्यांना तंतोतंत लागू पडतं. त्यांना नावं ठेवणारे लोक हमखास म्हणतात की शेवट आधीच माहीत असतो मग वाचायचं काय. पण शेवट माहीत असणं ही तिथली अटच आहे. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने जी व्याख्या केलीये तिच्यात दोनच गोष्टी आहेत, मध्यवर्ती प्रेमकहाणी आणि मनाचं समाधान करणारा आशादायक शेवट. म्हणजे कुतूहलाला मुख्य दारातच बाहेर ठेवलंय, आणि तरी वाचणारी बाई रात्री दोन वाजता दिवा चालू ठेवून वाचत असते. ती काय शोधत असते? ती दोघं जमणार हे तिला माहितीये, पण एवढं सगळं झाल्यावर *कशी* जमणार, आधी कोण माघार घेणार, ते एक वाक्य कोण बोलणार. मी पंधरा वर्षं ह्या कादंबऱ्या वाचतेय आणि माझ्या वाचनाला कुणी 'टाइमपास' म्हटलं की मला त्रास होतो, कारण टाइमपास मध्ये वेळ ढकलायचा असतो आणि इथे तो थांबावा असं वाटत असतं.

प्रतिसाद

एक मिनिट, कुतूहलाला कमी लेखू नका हं. मी रहस्यकथांचा वाचक आहे आणि मला त्या माणसांसाठी वाचायच्याच नसतात, मला कोडं हवं असतं. कोडं सोडवण्याचा आनंद खालच्या दर्जाचा असतो हे कोणी ठरवलं? कवी ऑडेनने १९४८ च्या एका लेखात मोकळेपणाने लिहिलंय की गुप्तहेरकथा हे त्याचं तंबाखूसारखं व्यसन आहे, आणि वाचून झाली की तो गोष्ट विसरून जातो, पुन्हा वाचायची इच्छा होत नाही. हे शुद्ध कुतूहल, आणि त्यात त्याला पुरेपूर समाधान होतं. उलट बाजूला समीक्षक एडमंड विल्सन, त्याने १९४५ मध्ये अशा कथांवर कडक लेख लिहिला, खून कोणी केला याची पर्वा कोणाला आहे असा प्रश्न थेट शीर्षकातच. दोघांचं पुस्तकांबद्दलचं निरीक्षण फार वेगळं नाहीये, फक्त एकाला कुतूहल पुरतं आणि दुसऱ्याला पुरत नाही.

आणि कुतूहलाचेही काही नियम असतात. रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्याने (तो स्वतः रहस्यकथा लिहायचा) १९२९ मध्ये दहा नियम सांगितले. गुन्हेगार गोष्टीत सुरुवातीलाच येऊन गेलेला पाहिजे, गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकाला लगेच दाखवला पाहिजे, जुळा भाऊ असेल तर त्याची तयारी आधी केलेली पाहिजे. म्हणजे वाचकाला सगळं दिलंय आणि तरी चकवलंय असं हवं. हे पाळलं नाही की वाचक चिडतो, त्याला आपल्याकडे 'फसवणूक' म्हणतात, 'चकवा' नाही. चकवा आवडतो, फसवणूक आवडत नाही! हे दोन शब्दही लोक एकमेकांच्या जागी वापरतात म्हणून मुद्दाम सांगतोय. तर तुमची चिडचिड झाली ती नेमकी कशाने, ते आधी बघा. खुनी कुठून तरी आयत्या वेळी आणला होता का?

मूळ प्रश्नकर्ती

नाही, तसं नव्हतं, धागे सगळे प्रामाणिकपणे दिलेले होते. चकवा उत्तम होता. म्हणूनच तर कोड्यात पडले होते.

तुमचं वाचून एक जुनी गोष्ट आठवली ती सांगते. कॉलेजात असताना लायब्ररीतून एक जाडजूड रहस्यकादंबरी आणली होती. नवव्या की दहाव्या पानावर एका पात्राचं नाव पहिल्यांदा येतं, त्याभोवती आधीच्या कोणीतरी पेन्सिलने गोल काढला होता आणि समासात एकच शब्द, 'हाच'. इतका राग आला होता मला. खोडरबराने खोडलं, पण कागदावर दाबाची खूण राहिली होती, बोट फिरवलं की लागायची. पुस्तक परतच करणार होते. दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून वाचायला लागले, आणि आजवर वाचलेल्या रहस्यकादंबऱ्यांत सगळ्यात जास्त जीव गुंतला तो तिच्यातच. तो माणूस घरात येतो, धाकट्या मुलीला गोष्ट सांगतो, तिच्या चपलेचा बंद लावून देतो, आणि मला एकटीलाच माहितीये की हाच. आईला ओरडून सांगावंसं वाटत होतं की त्याला घरात घेऊ नका. कुतूहल पेन्सिलनेच संपवून टाकलं होतं, उरली होती ती निव्वळ उत्कंठा, अगदी मान वर करून.

पुढे वाचनात आलं की २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी बारा लघुकथा घेऊन असाच प्रयोग केला होता, काही वाचकांना शेवट आधी सांगून टाकला, आणि ज्यांना सांगितला त्यांनी सरासरीने कथांना जास्त गुण दिले. नंतरच्या काही प्रयोगांत उलटही निकाल आलेत, त्यामुळे त्यावरून कोणाला शेवट सांगत सुटू नका. पण माझ्यापुरतं मला पटलं.

प्रतिसाद

वा, 'हाच' ची गोष्ट लक्षात राहील. याच ओघात 'साचेबद्ध' हा शब्दही बघायला हवा, लोकप्रिय कादंबरीवर टीका करताना पहिला तोच बाहेर येतो. साचा असणं हा दोष कसा? खून, संशयित, उलगडा हा साचा. भेट, दुरावा, मीलन हाही साचाच. वाचक साच्यासाठीच तर येतो, भयकथा उघडली आणि भीतीच नाही वाटली तर तो तक्रार करणारच. साच्यातून काढल्यावर वस्तूला हाताने धार लावायची असते ती राहून गेली की आपण 'साचेबद्ध' म्हणतो. त्याला 'ठोकळेबाज' हा शब्द जास्त नेमका आहे, कारण तो पात्रांबद्दल बोलतो. तुमच्या त्या कादंबरीतली माणसं ठोकळेबाज होती का?

मूळ प्रश्नकर्ती

हो! हाच शब्द मला सापडत नव्हता. सात संशयित होते आणि सातही जणांची ओळख त्यांच्या धंद्याने नाहीतर नात्यानेच, डॉक्टर, वकील, विधवा, पुतण्या. जो मेला त्याच्यासाठी पुस्तकभर कोणी रडतसुद्धा नाही. धागे सगळे जागच्या जागी, आणि वाट बघावी असं कोणीच नाही.

त्या चार ओळी बदलल्या आहेत. 'उत्कंठावर्धक' काढून टाकलं. आता असं लिहिलंय: 'चकवा पक्का आहे, खुनी कोण याचं कुतूहल शेवटच्या पानापर्यंत टिकतं आणि तिथे पूर्ण शमतं. उत्कंठा मात्र कोणाचीच लागत नाही.' मैत्रिणीला पाठवलं, तिने 'कुतूहल' चा तू दीर्घ आहे का ते पहिलं तपासलं.