'मेटफॉर्मिन सोडा, हळदीची कॅप्सूल घ्या' म्हणणाऱ्यांना

औषधवाला: काल इथे एकाने शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीबद्दल लिहिलंय, "मेटफॉर्मिनने किडनी जाते. ती बंद करून कर्क्युमिन घ्या, शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या साफ होतात." हे वाचून गप्प बसवेना. काचेच्या बशीतल्या पेशींवर कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, सूज उतरवतं, मान्य. पण रक्तात पोचतं किती? 1998 साली बंगळुरूत माणसांना 2 ग्रॅम देऊन पाहिलं, रक्तात जेमतेम सापडलं. त्याच वर्षीच्या यूकेपीडीएस या ब्रिटनमधल्या मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासात जाड रुग्णांचे हार्ट अ‍ॅटॅक मेटफॉर्मिनने 39 टक्क्यांनी घटले. आणि ती किडनी बिघडवत नाही. किडनी आधीच फार कमजोर असेल तर थांबवतात.

वर्धेकरीण: बंगळुरूच्याच प्रयोगात 20 मिलिग्रॅम पिपरिन (मिऱ्यातला घटक) जोडल्यावर शोषण 2000 टक्के वाढलं, ते का गाळलंत? अर्धं सांगायचं आणि झाडपाल्याला झोडपायचं! मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा या झुडपात. शुगरच्याच ग्लिफ्लोझिन गोळ्यांचं सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या फ्लोरिझिनमध्ये.

औषधवाला: मूळ झाडात, पण गोळी तपासून, डोस ठरवून आली. पिपरिन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं. हळद-मिऱ्याच्या कॅप्सूलने लिव्हरला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

सांगलीकर: कॅप्सूल राहू द्या, स्वयंपाकातली हळद तरी खरी मिळते का? पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट मिसळतात. शिसं पोटात जातं. हळकुंडं आणून डोळ्यांदेखत दळून घ्या, तीही सांगलीची.

वर्धेकरीण: सांगलीची पेठ मोठी, हळद आमच्या वायगावची! कर्क्युमिन जास्त, 2016 ला जीआय (भौगोलिक मानांकन).

सांगलीकर: आम्हालाही 2018 ला मिळालंय. हरिपूरची पेवं पाहिलीत? जमिनीखाली वर्षानुवर्षं हळद राहायची, कीड नाही. 2005 च्या पुरात कितीतरी पेवं गेली, त्यावर कुणी ओळ लिहिली नाही.

वर्धेकरीण: पेवांनी कर्क्युमिन वाढत नाही.

मिरजेची सून: हळद कुणाची ते नंतर ठरवा. माझ्या सासऱ्यांनी असल्याच सल्ल्यावरून गोळ्या सोडल्या. शुगरने पाय बधिर झालेले, चपलेत खडा रुतला, त्यांना कळलाच नाही. रात्री मोजा काढला तेव्हा रक्ताने चिकटला होता. अंगठा कापावा लागला. एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, 11 च्या वर. कॅप्सूल रोज न चुकता चालू होती.

वर्धेकरीण: वाईट झालं. गोळ्या सोडा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. सोबत घेतली तर काय बिघडतं, एवढंच विचारते.

औषधवाला: सोबत घ्यायची तर डॉक्टरांना सांगून घ्या, एवढं मान्य. कालच्या पोस्टमध्ये मात्र 'बंद करा' असंच लिहिलंय, आणि ती अजून पुढे पाठवली जातेय.